ल्हासाला नवा माणूस आला तेव्हा

पेमाक्का,

माणूस गेला की एकोणपन्नास दिवस इथंच आसपास असतो, त्याला सगळं ऐकू येतं, फक्त उत्तर देता येत नाही, असं तूच मला एकदा सांगितलं होतंस. तेव्हा मी म्हणाले होते, "म्हणजे आमच्या हेडमास्तरांसारखं." तू पोट धरून हसली होतीस. आज तुला जाऊन चौतीस दिवस झाले. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण जे तुझ्या तोंडावर बोलायला हवं होतं ते मी तीन वर्षं गिळत राहिले. आता बोलायला दुसरी जागा नाही, म्हणून वही घेऊन बसले आहे.

तुझ्या लेकाचा, तेन्झिनचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. "बाई, अमा गेली," तो म्हणाला. आणि मी काय विचारावं? "कुठं गेली?" मग त्यानं तेच पुन्हा कन्नडमध्ये सांगितलं, जणू मला मराठी समजत नाही. मुंडगोडला, तुमच्या तिबेटी वसाहतीतल्या दवाखान्यात, सकाळी तू चहा मागितलास आणि तो येईपर्यंत थांबली नाहीस. इकडे कढईतले दाणे करपले. भवानी पेठेत आमच्या गल्लीभर तो वास पसरला, आणि शेजारची विचारायला आली तेव्हा मला तिला नीट सांगताही येईना, की माझी कोण गेली. भाडेकरू म्हणू? मैत्रीण म्हणू? शेवटी म्हणाले, "माझी अक्का गेली." ती म्हणाली, "तुमाला बहीण व्हती व्हय?"

आपली पहिली भेट कन्नडमध्ये झाली. पार्क चौकाजवळच्या मैदानाच्या कडेला तुम्ही तिबेटी मंडळी स्वेटरचे स्टॉल लावायचात; दिवाळी झाली की यायचात, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा संपली की जायचात. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. आईसाठी स्वेटर बघत होते, तर पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन बांधलेल्या एका बाईनं काय हवं ते विचारलं, "एन बेक्री अक्का?" मी दचकलेच. माझी आई अक्कलकोटकडची, आमच्या घरात निम्मं बोलणं कन्नड; पण तुझ्या तोंडून ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" तू म्हणालीस, "मुंडगोड." मी म्हटलं, "तसं नाही, मूळच्या कुठल्या?" तू हातातल्या स्वेटरची घडी घालत मराठीत म्हणालीस, "मूळचं लई लांब हाय. तितं गाडी जात न्हाय."

पुढच्या हिवाळ्यात तू आमच्या माडीवरच्या खोलीत राहायला आलीस, ती कायमची. म्हणजे दर वर्षीचे तीन महिने. पहिल्याच सकाळी तू लोणी आणि मीठ घातलेला तुमचा चहा आईला आणून दिलास. आईनं एक घोट घेतला आणि मला आतून हाक मारली, "शैला, ह्यात मीठ पडलंय की गं! हा काय चहा हाय व्हय, ही तर आमटी हाय." तू दारात उभी राहून ऐकत होतीस. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा तोच चहा आणलास आणि म्हणालीस, "अव्वा, आमटी." त्यानंतर आई रोज तुझी आमटी प्यायची आणि तुला कडक भाकरी आणि शेंगा चटणी खायला लावायची. तुझ्या मराठीत बाई-पुरुष असा भेद नव्हता. "मी आला, मी गेला, मी दमला." मी सुरुवातीला सुधारायला जायची. आई मला दटावायची, "तुझी शाळा तिकडं शाळंत."

आई अंथरुणाला खिळली त्या हिवाळ्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मला तसं बोलायला जमत नाही. मी शाळेत जायची आणि तू स्टॉल उशिरा उघडून आईला न्हाऊ घालायचीस. ती गेली तेव्हा मी परीक्षेच्या वर्गात पहारा देत होते. तिच्याजवळ तू होतीस. शेवटचं काय बोलली, हे मी तुला विचारलं, तर तू म्हणालीस, "बागिलु हाकु म्हणाला. दार लाव. तिला थंडी वाजत होता." दुसऱ्या कुणी मला काहीतरी देवाचं, मायेचं रचून सांगितलं असतं. तू जे होतं तेच सांगितलंस. नंतर ऐन गड्ड्याच्या गर्दीत तू तीन दिवस स्टॉल बंद ठेवलास आणि माझ्याजवळ नुसती बसून राहिलीस.

त्याच तीन दिवसांत तू मला तुझ्या भावाचं सांगितलंस. तू नऊ वर्षांची होतीस, दोर्जे चार वर्षांचा. तुझी आई तुला घेऊन डोंगर ओलांडायला निघाली तेव्हा तो तापानं फणफणला होता, म्हणून त्याला आजीजवळ ठेवलं. दोन महिन्यांत सगळं शांत झालं की परत येऊ, असं ठरलं होतं. तू त्याला म्हणाली होतीस, "रडू नकोस, तुझ्यासाठी गूळ आणते." हिमाचलात रस्त्याची खडी फोडताना, मग मुंडगोडला जंगल तोडून मक्याची शेतं करताना तुझी आई दर वर्षी म्हणत राहिली, आता जाऊ. शेवटी ती मुंडगोडलाच वारली.

दोर्जेचा चेहरा तू पुन्हा पाहिलास तो थेट म्हातारपणी, तेन्झिनच्या मोबाइलवर. महिन्यातून एकदा, सकाळी, माडीवर. मीही चहा घेऊन येऊन बसायची. तो चालत चालत बोलायचा, फोन फिरवून डोंगर दाखवायचा, याक दाखवायचा, सुनेनं घातलेलं वाळवण दाखवायचा. मला तुमच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, फक्त एक शब्द सोडून. तो तुला "आचा" म्हणायचा. थोरली बहीण. प्रत्येक वाक्याच्या आधी आचा, नंतर आचा. सत्तरीला टेकलेला माणूस, पण ते म्हणताना चार वर्षांचा व्हायचा. तुम्ही हवापाणी आणि गुडघेदुखी सोडून कशावरही बोलत नव्हतात. मी एकदा म्हटलं, "एवढ्या वर्षांनी भेटता आणि हवेबद्दल बोलता?" तू म्हणालीस, "हवेबद्दल बोललं तर कोण रागावत न्हाय."

आणि मग तीन हिवाळ्यांपूर्वी पेपराच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली, की ल्हासाचा कारभार बघणारा वरिष्ठ माणूस बदलला, बीजिंगहून नवा आला. पेपर घेऊन मी धावतच मैदानावर आले. वाटलं होतं, तुम्ही सगळे मला बातमी विचाराल. तुम्हाला ती आठ दिवस आधीच ठाऊक होती, आणि ताशीकाकांच्या स्टॉलमध्ये त्यावर भांडण चालू होतं.

ताशीकाका तुमच्यातले सर्वांत वयस्कर. ते म्हणत होते, "मी लहानपणापासून किती बघितले. नवा आला की आधी रस्ता करतो. मग शाळा बांधतो. मग त्या शाळेत आपल्या भाषेचा एक तास कमी करतो." तेन्झिन म्हणाला, "या वेळी कॅमेरे वाढतील, बाकी काही नाही." कोपऱ्यात टोप्या लावणारी डोल्मा म्हणाली, "मला काय करायचंय? मी मुंडगोडला जन्मले. मला तिथलं एक झाडसुद्धा माहीत नाही." असं म्हणाली आणि तिचेच डोळे भरून आले, ती टोप्या पुन्हा पुन्हा त्याच जागी लावत राहिली. तू एका बाजूला स्वेटरच्या घड्या घालत होतीस.

मध्ये पडायचं मला काही कारण नव्हतं. तरी मी पडले. मी म्हटलं, नवीन माणूस आला की काहीतरी सैल होतंच. आमच्या शाळेत नवे हेडमास्तर आले तेव्हा दहा वर्षं बंद असलेलं वाचनालय उघडलं. तू घडी न थांबवता म्हणालीस, "बाई, हेडमास्तर बदलला, पण शाळा तुमचा हाय की. आमचा कुटं हाय?"

उत्तर नसलं की मी जास्त बोलते, हे तुला माहीत होतं. त्या आठवड्यात मी रोज तुझ्यामागे लागले. अर्ज कर. भावाला भेटायला जायचा अर्ज कर. सुरुवातीच्या दिवसांत नवा माणूस आपण कसे उदार आहोत ते दाखवतो, हीच वेळ आहे. तुझे गुडघे अजून चालतात, पुढच्या वर्षी चालतील का? हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले. ते तुला लागलं. तेन्झिन नको म्हणत होता. पण दिल्लीला चिनी वकिलातीत जाऊन फॉर्म त्यानंच आणला, कारण तू त्याला सांगितलंस, "बाईला वाटतंय, तर भरू."

तुला वाटत नव्हतं. मला वाटत होतं म्हणून तू भरलास. हे मला आज, लिहिताना, पहिल्यांदा नीट दिसतंय.

माडीवर, उन्हात, मी पाटावर फॉर्म ठेवून लिहायला बसले. नाव, जन्म, वसाहतीचा पत्ता. मग तिकडच्या नातेवाइकांचा रकाना आला: नाव, गाव, काम, फोन. तू माझं मनगट धरलंस. "हे रिकामं ठेवू की, बाई."

मी म्हटलं, "रिकामं ठेवलं तर त्यांना वाटेल, काहीतरी लपवताय. खरं लिहिणाऱ्यानं कशाला घाबरायचं?"

वर्गात पोरींना सांगायचे तसं सांगितलं मी तुला. डोंगर ओलांडून आलेल्या बाईला. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मनगट सोडलंस. मी शाईच्या पेनानं, ठळक, एकेक अक्षर सुटं काढून दोर्जेचं नाव लिहिलं. त्याचं गाव लिहिलं. नंबर तुझ्याकडून दोनदा वदवून घेतला, चुकू नये म्हणून.

दिल्लीहून बरेच महिने काही आलं नाही. मग कळलं, सध्या जमणार नाही, कारण सांगता येत नाही. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा करू. तू "हं" म्हणालीस.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दोर्जेचा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखी शेजारी बसले होते. तो चालत नव्हता. खुर्चीत ताठ बसला होता, अंगात इस्त्रीचा कोट, मागे नवी पांढरी भिंत. डोंगर नाही, याक नाही. तो समोर काहीतरी वाचत असल्यासारखा बोलत होता आणि तू नुसती "हं, हं" करत होतीस. तुमची भाषा मला कळत नाही. पण मला येत होता तो एकच शब्द मी शेवटपर्यंत शोधत राहिले, आणि तो आला नाही. फोन बंद झाला. तू उठून स्टोव्ह पेटवायला लागलीस. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"बरा हाय. थंडी लई हाय म्हणाला."

"आज आचा म्हणाला नाही तो."

तू पाठमोरीच होतीस. "म्हातारा झाला की," म्हणालीस. "विसरला."

तो काय बोलला ते मला आठवड्यानं ताशीकाकांकडून कळलं. आम्ही सुखात आहोत, नव्या साहेबांनी गावात चांगला रस्ता केला आहे, आम्हाला कसली कमी नाही, आता तू फोन करू नकोस. तू माझ्यापासून ते लपवलंस. कुणासाठी लपवलंस, ते कळायला मला काकांची गरज नव्हती.

त्या वर्षी ताशीकाकांच्या भाचीचाही तिकडून येणारा फोन बंद झाला. डोल्माच्या नवऱ्याच्या चुलत्याचाही. त्यांच्यापैकी कुणी कसला फॉर्म भरला नव्हता. या गोष्टीला मी बुडता माणूस काडीला धरतो तसं धरून बसले. तुझा भाऊ कशामुळे तुटला हे कुणालाच सांगता येणार नाही. माझ्या अक्षरामुळे, की त्या रस्त्याबरोबर जे काही गावात आलं त्यामुळे. तेन्झिननं मला एका शब्दानं बोल लावला नाही. तूही नाही. लावला असतास तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी मार्गी लागलं असतं. तू रोज सकाळी मला चहा आणून देत राहिलीस.

गेल्या हिवाळ्यात तू येऊ नयेस असं तेन्झिनचं म्हणणं होतं. तू हट्टानं आलीस. स्टॉलवर बसवत नव्हतं, माडीचा जिना चढवत नव्हता, म्हणून मी तुला खाली आईच्या कॉटवर झोपवायला लागले. संध्याकाळी मी तुझ्या पायांना तेल चोळायची. एकदा चोळता चोळता मी सुरुवात केली. "अक्का, तो फॉर्म," एवढंच म्हणाले. पुढचं जुळवत होते. तू पाय आखडून घेतलास, माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "बाई, तुमी लई चांगला अक्षर काढला होता."

पेमाक्का, याचा अर्थ काय होता? मी वर्षभर हे वाक्य उलटंपालटं करून बघितलं आहे. माफ केलंस, की जे झालं ते तसंच सांगितलंस? आईचं शेवटचं बोलणं सांगितलंस तसं? तू कधी टोमणा मारायची नाहीस; म्हणून तो टोमणा नसणार. पण मग मला ते इतकं का टोचतं? मी तेव्हा विचारू शकले असते. मी तेलाची वाटी उचलून आत गेले.

तुला गाडीत बसवून द्यायला मी स्टेशनवर आले. डब्यात बसल्यावर तू खिडकीतून म्हणालीस, "मी जातो, बाई." इतकी वर्षं तू "मी येतो" म्हणून निघायचीस. मला वाटलं, चुकलीस. सवयीनं मी सुधारायला गेले, "येते म्हणावं, अक्का." तू मान हलवलीस, पण शब्द बदलला नाहीस. मी गाडीत चढून जवळच्या होटगी स्टेशनपर्यंत तुझ्याबरोबर आले असते तर काय बिघडलं असतं? रिकामीच तर होते.

आता जे सांगायला खरं म्हणजे बसले, ते.

परवा पेपरात पुन्हा आतल्या पानावर तसल्याच चार ओळी आल्या. ल्हासाचा तो माणूस बदलला. त्याच्या जागी दुसरा आला. मी पेपर घेऊन मैदानावर गेले. यंदा तुझ्या जागेवर एक ब्लँकेटवाला बसला आहे. ताशीकाका एका बाईच्या लहान मुलीच्या मापाचा स्वेटर शोधत होते. मी त्यांच्यासमोर पेपर धरला. त्यांनी वाचला, म्हणजे वाचल्यासारखं केलं, आणि परत दिला. "बसा बाई, चहा सांगतो," म्हणाले. डोल्मानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा टोप्यांकडे वळली. नव्या माणसाचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. भांडण नाही, अंदाज नाही. काकांनी त्या बाईला निळा स्वेटर दाखवला, तिला लाल हवा होता.

घरी येऊन मी तेन्झिनला फोन लावला. तुझी शपथ, मी नुसती चौकशी करायला लावला होता. तुझ्या विधींचं कसं चाललंय, त्याची तब्येत बरी आहे ना, एवढंच विचारायचं होतं. त्याच्या मागे भिक्षूंचं पठण ऐकू येत होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "तेन्झिन, आता नवा माणूस आलाय तिकडं. मामाला तुझ्या अमाचं कळवायचं का? एकदा प्रयत्न करून बघू. त्याला कळायला नको?"

तेन्झिन हळू आवाजात म्हणाला, "नको, बाई. आम्ही ठरवलंय. मामाला नाही कळवायचं. त्याला वाटू दे, अमा आहे. फोन करत नाही, एवढंच."

माझ्याकडे बोलायला खूप होतं. सख्ख्या भावाचा हक्क असतो असं म्हणता आलं असतं. कदाचित या वेळी वेगळं होईल, असंही म्हणता आलं असतं; तीस वर्षं वर्गात मी हेच तर सांगत आले. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

पेमाक्का, तुमच्या घरातल्या माणसाशी मी वाद घातला नाही, असं हे पहिल्यांदाच झालं.